कच्छच्या आखातातला हिवाळा: बारा फोटोंच्या नोंदी

२८ डिसेंबर

काम ठरलं. बारा फोटो, विषय 'हिवाळा', जागा कच्छचं आखात. दक्षिण काठावर जामनगर, उत्तर काठावर मांडवी, दिवस उरले तर वर लखपत. संपादक ताईंची अट एकच: "थंडी दिसली पाहिजे."

हो म्हणून बसलो आणि फोन ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. जामनगरला जानेवारीत दुपारी पंचवीस-सव्वीस अंश असतात. बर्फ नाही, नजरेत भरेल अशी पानगळ नाही, धुकं पडलं तर नशीब. अशा ठिकाणी थंडी दाखवायची म्हणजे काय दाखवायचं? पटकन सुचतं ते शेकोटी, कानटोपी आणि चहाची वाफ. ते फोटो मी घराच्या गच्चीवरूनही काढू शकतो. वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाकलं: शेकोटी, कानटोपी, चहा बंद.

२ जानेवारी

रात्री कागदावर थोडं गणित केलं. जानेवारीच्या मध्यावर सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण साडेएकवीस अंशांवर असतो. जामनगर साडेबावीस अंश उत्तरेला. म्हणजे भर मध्यान्हीसुद्धा तो क्षितिजापासून ४६ अंशांच्या वर चढणार नाही. जूनमध्ये तिथे तो थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. ४६ अंशांना मात्र सावली जवळपास वस्तूच्या उंचीएवढी पडते, तीही दिवसातल्या सर्वांत आखूड सावलीच्या वेळी.

हा हिवाळा फोटोत दिसू शकतो. तापमान दिसत नाही, सावली दिसते. सकाळी दहा ते दुपारी चार झोपा काढायच्या हा उन्हाळ्यातला नियम इथे पाळायचा नाही.

ड्रोन नेत नाही. एका बाजूला लष्करी तळ आणि तेलशुद्धीकरणाचे प्रकल्प, दुसऱ्या बाजूला सरहद्द. परवानग्यांमागे धावण्यापेक्षा दोन पाय बरे.

१० जानेवारी, जामनगर

पोचलो. सूर्योदय सात बत्तीसला, पुण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं उशिरा. घड्याळ देशभर एकच, पण सूर्य काही ते पाळत नाही. उद्या नरारा. गाडीवाल्या भाईंना सहाला बोलावलंय.

११ जानेवारी, नरारा

आजचा दिवस वाया गेला आणि चूक शंभर टक्के माझी.

नरारा जामनगरपासून साधारण साठ किलोमीटर, वाडिनारच्या बाजूला. १९८२ साली इथे भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं, त्याचाच हा भाग. खासियत अशी की प्रवाळ पाहायला पाण्यात बुडी मारावी लागत नाही. ओहोटीला समुद्र मागे सरतो, खडकाळ पठार उघडं पडतं आणि त्यावरून चालत जायचं. वनखात्याचा परवाना घ्यायचा, स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यायचा.

आठ वाजता फाटकावर उभा होतो. उजेड असा की हात शिवशिवत होते. वाटाड्यानं माझ्या ट्रायपॉडकडे पाहिलं, मग समुद्राकडे, आणि म्हणाला, "पाणी चडे छे." पठाराचा मागमूस नव्हता. खारफुटीच्या झुडपांत लाटा शिरत होत्या.

माझे आजोबा रेवदंड्याचे. लहानपणी त्यांनी शिकवलेलं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज सूर्योदयाला द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. कोकणात साधारण नऊच्या पुढेमागे पाणी भरतं. आखातात आत यायला भरतीला वेळ लागतो, म्हणून इथे आणखी दीडेक तास धरायचा. थोडक्यात, मी आलो तेव्हा पाणी चढायला लागून तीन तास होऊन गेले होते. सूर्याच्या अंशांचा हिशेब मांडणाऱ्या माणसानं भरतीचं वेळापत्रक उघडून पाहिलं नाही. आजोबा असते तर बोलले नसते, नुसते हसले असते. ते जास्त लागलं असतं.

संध्याकाळची ओहोटी होती, पण अंधारात पठारावर कोणाला राहू देत नाहीत आणि पाणी तळाला पोचेपर्यंत उजेड संपत आलेला असणार. वाटाड्याबरोबर बसून पुढचा हिशेब केला. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तेरा तारखेला पौर्णिमा. उधाण बरोबर पौर्णिमेला येत नाही, त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. पंधराला तळ सकाळी साडेआठच्या आसपास लागेल, म्हणजे सूर्योदयानंतर तासाभरानं. पाणी सर्वांत खाली आणि ऊनही खाली. पंधराला परत यायचं.

१२ जानेवारी, खिजडिया

शहरापासून अर्ध्या तासाच्या आत. स्वातंत्र्यापूर्वी समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून इथे बांध घातले, आणि त्यातून एक गंमत होऊन बसली: बांधाच्या एका अंगाला पावसाचं गोडं पाणी, दुसऱ्या अंगाला खारं. बांधावर उभं राहून मान वळवली की पक्षी बदलतात. इकडे वारकरी आणि तलवार बदकं, तिकडे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. २०२२ साली हे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

पहाटे अंधारातच पोचलो. अंगावर स्वेटर, वर जाकीट, तरी नाक गार. फोनवर अकरा अंश. ट्रायपॉड लावून ठेवला आणि वाट पाहत बसलो. उजाडल्यावर डोळा लावतो तर समोर नुसतं दूध. धुकं नव्हतं, लेन्सच्या पुढच्या काचेवर दव धरलं होतं. आभाळ निरभ्र असलं की उघड्यावरची काच आभाळाकडे उष्णता सोडत राहते आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होते. पाण्यालगतच्या दमट हवेला एवढं पुरतं. मी तासभर लेन्स झाकण न लावता वर तोंड करून ठेवली होती. पुसली की परत धरायचं. शेवटी पायमोजा काढून लेन्सला गुंडाळला आणि जाकिटात घेऊन बसलो, तेव्हा दहा मिनिटांनी काच सुटली. त्या गडबडीत पाच-सहा फ्रेम दवातूनच गेल्या. सगळ्या खराब, टाकायच्या. उद्यापासून निघेपर्यंत झाकण लावून लेन्स कपड्यात.

आठ ते साडेनऊ सोन्यासारखे गेले. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी बोरूवरून खाली-वर करत होता आणि त्याची सावली पाण्यावर त्याच्या पुढे धावत होती. सूर्य खाली असल्यामुळे पक्षी आणि सावली दोन्ही एका चौकटीत मावले. उन्हाळ्यातल्या दुपारी ही सावली पक्ष्याच्या पोटाखाली हरवते.

साडेदहानंतर खाऱ्या बाजूला रोहितांचा थवा उतरला. लांब होता. लांब लेन्सच्या चारशे मिलिमीटरच्या टोकाला ऐंशीएक फोटो घेतले. बांधावरच पडद्यावर मोठे करून पाहिले तर एकाचीही कड धारदार नाही. आधी लेन्सवर संशय घेतला, मग शटरवर, मग स्वतःच्या हातांवर. जवळच्या खुंटावर नेम धरला तर गवताचं पातंन्‌पातं स्वच्छ. म्हणजे दोष मधल्या हवेचा. रात्रभर गारठलेला चिखल उन्हानं तापायला लागला की त्यावरची गरम हवा वर चढते, गार हवा तिच्यात मिसळते आणि उजेड प्रत्येक थरातून थोडा वेगळा वाकतो. डोळ्याला ती नुसती थरथर वाटते, लांब लेन्स ती मोठी करून दाखवते. शटर कितीही वेगात ठेवा, फरक पडत नाही. उपाय दोनच: जवळ जा, नाहीतर लवकर या. जवळ जाणं म्हणजे थवा उडवणं. म्हणून लवकर या.

ऐंशीतला एक ठेवला. त्यात रोहितांचे पाय वितळल्यासारखे दिसतात. चूक म्हणून वाईट, चित्र म्हणून बरा.

१३ जानेवारी, जामनगर, लाखोटा तलाव

शहराच्या मधोमध तलाव, मधे गोल किल्ला, भोवती फिरायला आलेली माणसं आणि त्यांच्या हातांतल्या गाठियांवर झडप घालणारे कुरव, म्हणजे सीगल. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी तळलेलं बेसन खातो हे बघून मला कसंसंच झालं. फोटो काढले. एकात कुरवाच्या चोचीतला गाठिया आणि मागे स्वेटरमधलं, आनंदानं किंचाळणारं पोर आहे. ठेवावा का नाही, ठरत नाही.

खरी वाट भोरड्यांची होती. मध्य आशियाच्या बाजूनं येणाऱ्या या गुलाबी मैना हिवाळाभर इथे असतात आणि रात्रीच्या निवाऱ्याला शिरण्याआधी आभाळात हजारोंनी घिरट्या घालतात. सूर्यास्त सहा चोवीसला. पण इथला हिवाळ्यातला सूर्य क्षितिजाला टेकत नाही. जमिनीलगत गार हवा साचते, तिच्यात धूळ अडकते आणि सूर्य क्षितिजाच्या हातभर वरच लाल होऊन विरघळतो. 'सूर्यबिंबासमोर थवा' हा घरून ठरवून आणलेला फोटो तिथेच संपला.

सहा दहाला पहिला थवा आला. शटर १/१००० सेकंद आणि आयएसओ ३२०० वर तो गोठवला. फोटोत राखाडी आभाळ आणि त्यावर बारीक काळे ठिपके. खरंच कळेना, पक्षी कोणते आणि सेन्सरवरची धूळ कोणती. थवा म्हणजे ठिपके नव्हेत, त्यांचं वळणं आहे. ते गोठवल्यावर उरतं काय?

मग उलट गेलो. १/१५ सेकंद, ट्रायपॉडशिवाय, थव्याबरोबर कॅमेरा फिरवत. शंभरातले नव्व्याण्णव फुकट. एकात मात्र थव्याची कड पदर झटकावा तशी उलटलीय आणि ज्या बाजूचे पक्षी माझ्याकडे येतात ते ठिपके, जे आडवे जातात त्या रेषा. अर्धा तास मान वर करून होतो, खाली पाहिलं तेव्हा कळलं की शर्टाच्या खांद्यावर त्यांनी सही केलीय.

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळं शहर गच्चीवर. आभाळात पतंगच पतंग, खाली झाडांवर, तारांवर मांजा. दुपारी एका झाडाखाली मांज्यात पंख अडकलेलं कबुतर खाली पडलेलं. या दिवसांत गुजरातभर जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालतं, तिथल्या पोरांनी खोक्यात घालून नेलं. फोटो काढला नाही. हात मोकळे ठेवणं जास्त गरजेचं होतं, खोकं मीच धरलं होतं.

कॅमेरे साफ केले. बाकी काही नाही.

१५ जानेवारी, नरारा

आज जमलं.

पावणेआठला आत. वाटाड्या तोच. अकरा तारखेला जिथे लाटा आपटत होत्या तिथून पुढे किलोमीटरभर तरी नुसतं पठार: खडक, शेवाळ, घोट्याएवढं पाणी आणि मधे मधे आभाळाचे तुकडे. लांब कडेला तेल प्रकल्पांच्या चिमण्या. पहिला अर्धा तास त्या चौकटीबाहेर ठेवण्याची कसरत करत होतो, मग सोडून दिलं. त्या आहेत. एका फोटोत पुढे प्रवाळाचं डबकं आणि मागे चिमणीच्या धुराची रेघ, दोन्ही एकाच गुलाबी उजेडात. तो फोटो मला पटतो.

पाणी अगदी थंड. जुने बंद बूट घालून गेलो हे बरं, खडक वस्तऱ्यासारखे आहेत.

डबक्यांत बघायचं तर वरचं चकाकणारं आभाळ आधी काढावं लागतं. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, फिरवला, फार फरक नाही. मग आठवलं, पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहिलं तरच चकाकी पुरती मरते. सरळ वरून पाहिलं तर पोलरायझर असून नसून सारखाच. गुडघ्यावर बसलो, आणखी खाली झुकलो, आणि एकदम डबक्याला तळ आला. तळाशी एक दगड होता. मी फिल्टर आणखी थोडा फिरवला आणि त्या दगडानं डोळा उघडला.

ऑक्टोपस. माझ्या तळहातापेक्षा थोडा मोठा. वाटाड्यानं दाखवण्याआधी मला दिसला याचा मला आजही, म्हणजे हे लिहीपर्यंत, अभिमान आहे. बाजूच्या प्रवाळासारखा खडबडीत आणि तपकिरी होऊन बसला होता. दहा मिनिटं मी हललो नाही. मग त्यानं एक हात बाहेर सोडला, तो हात वाळूवर गेला आणि तेवढाच वाळूच्या रंगाचा झाला. बाकी अंग तपकिरीच. सतरा फोटो, त्यातल्या तिसऱ्यात रंग बदलण्याची सीमा हाताच्या मुळाशी स्पष्ट दिसते. सूर्य बाजूनं आणि खालून येत असल्यामुळे त्याच्या कातडीवरचा प्रत्येक उंचवटा सावलीनिशी उठलाय. वरचं ऊन असतं तर तो परत दगडच झाला असता.

मागून आलेल्या एका गटाचा वाटाड्या कोकणात केंड म्हणतात तो फुगणारा मासा हातात धरून फुगवून दाखवत होता. लोक टाळ्या वाजवत होते. मासा फुगतो तो जिवाच्या भीतीनं. आमच्यावाल्यानं न बोलता मला दुसरीकडे वळवलं. समुद्रकाकडी, तारामासा, समुद्रफुलं, सगळं जागच्या जागी बघितलं, एकदाही पाण्यात हात घातला नाही.

सव्वानऊला तो म्हणाला, चला. मी म्हटलं, अजून पाच मिनिटं. त्यानं पायाखाली बोट दाखवलं. मघाशी स्थिर असलेलं डबकं आता एका बाजूनं हलकेच भरत होतं. सपाट पठारावर पाणी समोरून चाल करून येत नाही, मागच्या घळीतून गुपचूप येतं. परतताना दोन ठिकाणी गुडघाभर पाण्यातून आलो.

रात्री ट्रायपॉडचा एक पाय आत जाईना. पेचात वाळूचे कण बसले होते. बादलीभर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून, उलगडून, एकेक नळी धुतली. बुटांना येणारा वास शब्दांत मांडणार नाही.

१६ जानेवारी

प्रवास. आखातावरून सरळ रेघ मारली तर मांडवी शंभर किलोमीटरच्या आत. रस्त्यानं आखाताला वळसा, अंतर तिप्पट. सूरजबारी पुलाच्या अलीकडे-पलीकडे मिठागरं. उतरून दोन फोटो घेतले, दोन्ही सुमार.

१७ जानेवारी, मांडवी

रुक्मावती नदीच्या काठी लाकडी वहाणं, म्हणजे गलबतं, बांधतात. शेकडो वर्षांचा धंदा, अजून चालू. ओहोटीच्या चिखलात टेकू देऊन उभे केलेले सांगाडे इतके मोठे की खाली काम करणारे सुतार खेळण्यातले वाटतात. फळ्यांच्या फटींत कापसाचा पीळ ठासण्याचा ठकठक आवाज सगळ्या काठाला. एक वहाण पुरं व्हायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात, त्यामुळे फोटोवाल्यासाठी कोणी हात थांबवत नाही. ते उत्तम.

सकाळी काही काढलं नाही. एक वाजायची वाट पाहिली. इथे या दिवसांत सूर्य मध्यान्हीला येतो तो दुपारी एकला. कोणताही जाणता फोटोवाला या वेळी कॅमेरा पिशवीत घालतो. बरोबर एकला वहाणाच्या फासळ्यांची सावली उत्तरेला चिखलावर पसरली होती, जवळपास वहाणाच्या उंचीएवढीच लांब. म्हणजे एक सांगाडा उभा आणि एक आडवा. आडव्या सांगाड्याच्या दोन फासळ्यांमधे एक म्हातारे सुतार डब्यातलं जेवत बसलेले, उन्हाकडे पाठ करून. शर्टाची बटणं उघडी. चोवीस अंश होते. संपूर्ण दौऱ्यातला सर्वांत हिवाळी फोटो हाच आहे असं मला तिथेच वाटलं आणि अजून मत बदललेलं नाही.

राजवाडा पाहिला नाही. भाई नाराज.

१८ जानेवारी, लखपत

काल रात्री नलियाला मुक्काम. गुजरातच्या थंडीच्या बातम्यांत हे नाव नेहमी पहिलं असतं, ते का हे पहाटे कळलं. गाडीच्या काचेवर दवाचे ओघळ, बोटं इतकी बधिर की बॅटरीचं झाकण उघडेना. या दौऱ्यात खरीखुरी थंडी वाजली ती इथेच.

लखपत म्हणजे सात किलोमीटरचा तट आणि आत जवळजवळ कोणी नाही. एके काळी कोरी खाडीवरचं भरभराटीचं बंदर. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला फतेह महंमदानं तट बांधला, १८१९ च्या भूकंपात उत्तरेला अल्लाह बांध नावाचा जमिनीचा लांबलचक उंचवटा उचलला गेला, सिंधू नदीचं पाणी तुटलं आणि बंदराचा जीव गेला. तटावरून बाहेर बघितलं तर पांढरट चिखलाचं मैदान थेट क्षितिजापर्यंत.

कुडकुडत चाळीस फोटो काढले. गेस्ट हाउसवर येऊन पाहिले तर सगळ्यांत पिवळा दगड, निळं आभाळ, भगभगीत ऊन. कोणीही म्हणेल, मे महिना. जिथे थंडी जास्त तिथे फोटोत ती शून्य.

२२ जानेवारी, घरी

निवड. अकरा पक्के झाले: भोवत्याची सावली, वितळलेले रोहित, भोरड्यांचा पदर, डबकं आणि चिमणी, ऑक्टोपस, वहाण, आणि आणखी पाच. कुरव आणि गाठिया शेवटी घेतला. लखपतचा एकही नाही, याचं वाईट वाटतं. बारावा सापडेना, म्हणून ताईंना सगळ्याच फोटोंच्या छोट्या प्रती पाठवल्या, न चाळता.

२४ जानेवारी

ताईंचा फोन. अकरा मान्य. बारावा त्यांनी निवडलाय तो खिजडियाचा, दवातून गेलेला. मी म्हटलं, अहो, ती चूक आहे, त्यात काही दिसत नाही. म्हणाल्या, "दिसतंय की. काचेवर थंडी बसलीय." फोटोओळीत काय लिहू विचारलं, तर वेळ आणि तापमान, एवढंच.

मूळ फाईल शोधायला तास गेला. 'काढून टाकायचे' या फोल्डरात होती, काढून टाकायची राहिलेली. सात एकेचाळीस, अकरा अंश.